आधी रेघ

आईने ते पान फोनवर पहिल्यांदा पाहिलं आणि म्हणाली, "अगं, रेघ आधी कशी आली? मोडी लिहितेयस का?"

मी बेंगळुरूत, ती कराडला दादाकडे. पान मी माझ्या मुलीसाठी केलं होतं. तिला शाळेत कन्नड आणि हिंदी आहे. मराठी घरात बोलण्यापुरती. लिहायला बसली की प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर वेगळी रेघ मारते, कौलं बसवल्यासारखी. आईने जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं पहिली-दुसरीची मुलं हाताला धरून लिहिती केली. आता तिचाच हात थरथरतो, सहीसुद्धा नको म्हणते. म्हणून तिच्या 1988 सालच्या वहीतला 'कमळ' मी स्कॅन केला, त्यातली रेघ न् रेघ माउसने गिरवली आणि तो शब्द पडद्यावर आपोआप लिहिला जाईल असं केलं. आधी क, मग म, मग ळची दोन वेटोळी, आणि सगळं झाल्यावर अख्ख्या शब्दावरून डावीकडून उजवीकडे एकच शिरोरेषा. वेबपानं बनवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, पण हे काम मी पैशाच्या कामापेक्षा जास्त मन लावून केलं होतं.

मोडीचं आई बोलली ते उगाच नव्हतं. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेत आणि अक्षरं तिला टांगत जात. बाळबोधीत उलट: शब्द पुरा झाला की मगच त्याच्यावर रेघ, म्हणजे शब्द कुठे संपला तेही कळतं. गुजरातीने ही रेघ टाकूनच दिली, बंगालीने 'मात्रा' म्हणून सांभाळली. आई वर्गात म्हणायची, आधी माणसं आत घ्या, मग छप्पर घाला. घर असं कुणी बांधत नाही हे आम्ही तिला कधी सांगितलं नाही.

"आई, माझ्याकडे शेवटीच येतेय गं," मी म्हणाले. लॅपटॉपवर पाहिलं, माझ्या फोनवर पाहिलं, नवऱ्याच्या फोनवर पाहिलं. मग तिला सांगितलं, तुझ्या फोनवर तो दुसरा ब्राउझर आहे ना, मी वापरते तो, त्यात उघड. तिने उघडलं. "तेच दिसतंय. आधी रेघ, मग अक्षरं."

आता इथे मला थांबायला हवं होतं. ब्राउझरच्या आत पान रंगवणारं एक इंजिन असतं. आज मुख्य इंजिनं तीनच: ब्लिंक, वेबकिट आणि गेको. त्यातलं ब्लिंक 2013 साली वेबकिटमधूनच फुटून निघालं. नावं आणि चिन्हं वेगळी असली तरी आतला स्वयंपाकी एकच असू शकतो. आईचा फोन ज्या कंपनीचा आहे तिची तर वर्षानुवर्षं अटच होती की ब्राउझर कुठलाही घाला, इंजिन आमचंच चालेल. युरोपात 2024 साली कायद्यामुळे ती सैल झाली. म्हणजे 'दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघड' या माझ्या सांगण्याला तिच्या फोनवर काही अर्थच नव्हता. हे मला पक्कं ठाऊक होतं. गिऱ्हाइकाने तक्रार केली असती, तर पहिल्या मिनिटाला मी विचारलं असतं, फोन कुठला, किती जुना?

आईला मी ते विचारलं नाही, कारण गेले सहा महिने ती विसरत होती. गॅस चालू राहायचा. दादाला एकदा तिने मामाच्या नावाने हाक मारली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जे जे लक्षात येईल ते लिहून ठेवा. दादाने फोनवर एक यादी सुरू केली होती, आम्ही दोघं तीत भर घालायचो. त्या रात्री मी तारीख घालून लिहिलं: 'पडद्यावर नसलेला क्रम दिसतो. आजोबांच्या मोडी कागदांशी गल्लत होत असावी.' वाक्य मला तेव्हा फार समंजस वाटलं होतं.

पुढच्या महिन्यात डॉक्टरांकडे जायचं म्हणून मी रात्रीच्या बसने कराडला गेले. संध्याकाळी आई शेजारी बसून म्हणाली, "हे बघ," आणि फोन माझ्या मांडीवर ठेवला. रेघ आधीपासून तिथे होती. सरळ, तयार. मग तिच्याखाली एकेक अक्षर येत गेलं.

मी काही बोलले नाही. तीही बोलली नाही. चष्मा पुसत बसली.

रात्री जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. अशी लिहिली जाणारी रेघ खरं तर कुणी लिहीत नसतं. तुटक रेघ काढायची, पण तिचा एक तुकडा अख्ख्या रेघेएवढा लांब आणि मधली मोकळी जागाही तेवढीच. सुरुवातीला मोकळी जागा समोर ठेवायची आणि तुकडा हळूहळू सरकवत आणायचा. फलाटाएवढी लांब आगगाडी स्टेशनात शिरावी तसं. शिरोरेषा गिरवताना मी आळसाने माउस उजवीकडून डावीकडे ओढला होता, त्यामुळे गाडी उलट्या टोकाने यायला लागली. पुन्हा गिरवायचा कंटाळा, म्हणून सरकण्याचा आकडा उणे केला: उणे 400 पासून शून्यापर्यंत. उणे आकडा चालतो असं एसव्हीजीच्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. आईच्या फोनमधल्या जुन्या इंजिनाला मात्र तो कळत नव्हता. त्याने तो सोडून दिला आणि गाडी पहिल्यापासून फलाटावर उभी केली. अक्षरांचे आकडे अधिक होते, म्हणून ती बिनबोभाट लिहिली जात होती.

दुरुस्ती गमतीची आहे. तुकडा 400, मोकळी जागा 400, म्हणजे दर 800 ला नक्षी पुन्हा तीच. तेव्हा उणे 400 आणि अधिक 400 यांत फरकच नाही, आणि शून्य म्हणजेच 800. मी 400 पासून 800 पर्यंत असं लिहिलं. दोन आकडे. आईच्या फोनवर तपासलं, रेघ शेवटी आली. मग तेही पुसलं, आणि शिरोरेषा डावीकडून उजवीकडे नीट पुन्हा गिरवली. यंत्राला त्याची गरज नव्हती.

दादाने यादी डॉक्टरांसाठी छापून ठेवली होती, दोन पानं. मी पेन घेऊन माझी नोंद खोडली. बाकीच्या तशाच राहू दिल्या. त्या खऱ्या होत्या.

सकाळी निघण्याआधी आईला पान दाखवलं. तिने शेवटपर्यंत पाहिलं. फोन थोडा लांब धरून पुन्हा एकदा पाहिलं.

"आता बरोबर," ती म्हणाली. "पण रेघ एवढी सावकाश कोण मारतं गं? वर्गात पन्नास पोरं असायची."

रेघेला मी दोन सेकंद दिले होते. रिक्षा येईपर्यंत अर्धा केला.