पुरणयंत्र माळ्यावर होते

चिंचवडच्या एका कारखान्यात मी सत्तावीस वर्षे सुरक्षा अधिकारी होतो. शेडच्या छपरावर, क्रेनच्या मार्गावर, पाण्याच्या टाकीवर काम करणाऱ्या माणसांना शिडी कशी लावावी, कशी चढावी आणि कशी उतरावी, हे शिकवण्याचे काम माझ्याकडे होते. निवृत्त होऊन सहा वर्षे होत आली असताना, नवरात्रातील अष्टमीच्या सकाळी, माझी पत्नी स्वयंपाकघरातल्या दीड फूट उंचीच्या स्टुलावरून पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. मी त्या वेळी शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसलो होतो.

तिला माळ्यावरचे पुरणयंत्र हवे होते. नवमीला आमच्याकडे पुरणाचा नैवेद्य असतो. "अहो, तेवढे यंत्र काढून द्या," असे तिने मला दोनदा सांगितले आणि दोन्ही वेळा मी "देतो, देतो" म्हणालो. वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी हा संवाद असाच होत असेल. तिसऱ्यांदा सांगण्याऐवजी तिने स्टूल ओढले. यंत्र हाती लागले, दोन्ही हातांनी ते छातीशी धरून ती उतरू लागली आणि पाय टेकण्याऐवजी हवेत गेला. आधी यंत्र पडल्याचा मोठा आवाज झाला, त्यामागून दुसरा, हलका. तो हलका आवाज मी अजून विसरलेलो नाही.

आता थोडे कारखान्याविषयी सांगतो, कारण जे घडले ते मला त्या भाषेतच समजते.

आमच्या प्रशिक्षणाचा पहिला तास वर्गात होत असे आणि त्यात शिडीला कोणी हातही लावत नसे. फळ्यावर मी एकच प्रश्न लिहीत असे : वर जायलाच हवे का? प्रारंभी कामगार हसत. वर काम आहे म्हणून तर शिडी, असे त्यांचे म्हणणे. पण दिवा दोरी-कप्पीने खाली आणता येत असेल, झडपेच्या चाकाला लांब दांडा जोडता येत असेल, सांगाडा जमिनीवरच जोडून मग उचलता येत असेल, तर पडण्याचा प्रश्नच उरत नाही. एका जुन्या फिटरने उंचावरच्या बेअरिंगला तेल देण्यासाठी तांब्याची बारीक नळी थेट जमिनीपर्यंत आणून दिली होती. त्यानंतर त्या जागी तेलाची बुधली घेऊन कोणी चढले नाही. मी पुढे प्रत्येक तुकडीला ती नळी नेऊन दाखवत असे. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील ३२ वे कलम उंचीवरून पडण्याची शक्यता असेल तेथे कुंपण घालून किंवा अन्य उपायांनी माणसाला सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी सांगत असे. माझ्या मते ही नळी म्हणजे त्या कलमाचे उत्तम भाष्य होते.

दुसऱ्या तासाला शिडी येई. टेकवून उभी करायची शिडी चार फूट उंच टेकत असेल तर तिचा पाय भिंतीपासून एक फूट दूर हवा. मोजपट्टी नसेल तर शिडीच्या पायांना चवडे लावून ताठ उभे राहायचे आणि हात सरळ पुढे करायचे. तळवे शिडीला टेकले म्हणजे कोन बरोबर. चढताना आणि उतरताना तोंड शिडीकडेच, आणि दोन पाय-एक हात किंवा दोन हात-एक पाय असे तीन आधार कायम. म्हणून हातात काही घ्यायचे नाही. अवजारे कमरेच्या पिशवीत, जड वस्तू मागाहून दोरीने. घडीची शिडी पूर्ण उघडून तिच्या कड्या बसल्याशिवाय पाय ठेवायचा नाही आणि तिच्या माथ्यावर उभे राहायचे नाही. विजेच्या कामाजवळ ॲल्युमिनियमची शिडी आणायची नाही. आणि बेंबी दोन उभ्या दांड्यांच्या आतच राहिली पाहिजे. बाजूची वस्तू हाताला येत नसेल तर खाली उतरून शिडी सरकवायची, अंग झुकवायचे नाही. हा बेंबीचा नियम सर्वांच्या लक्षात राही. निवृत्तीच्या समारंभात एका वेल्डरने भाषणात तोच सांगितला आणि सभागृह हसले.

त्याहून महत्त्वाचे होते ते चढण्यापूर्वीचे परवानापत्र. उंचीवर जाणाऱ्याची वैद्यकीय तपासणी झालेली असे. रक्तदाब, दृष्टी, फिट किंवा चक्कर येण्याचा पूर्वेतिहास पाहिला जाई. शिवाय त्या दिवशी सकाळी पर्यवेक्षक तोंडी विचारी : रात्री झोप झाली का? काही खाल्ले का? कोणते औषध चालू आहे? उपाशी माणसाला आम्ही वर पाठवत नसू. खाली एक माणूस उभा असे, त्याने तेथून हलायचे नाही. आणि पट्ट्याला लटकून राहिलेल्या माणसाला खाली कसे आणणार, हे तो चढण्याआधी ठरलेले असे. असा माणूस निश्चल लटकत राहिला तर पायांत रक्त साचून काही मिनिटांतच त्याची अवस्था कठीण होऊ शकते.

या परवानापत्रावर मी माझ्या पत्नीची ती सकाळ अनेकदा भरून पाहिली आहे. अष्टमीचा उपवास, पोटात फक्त चहा. रक्तदाबाची गोळी मात्र नेहमीप्रमाणे घेतलेली. आदल्या रात्री झोपेची अर्धी गोळी. डोळ्यांवर दुहेरी भिंगाचा चश्मा; त्याचा खालचा भाग वाचण्यासाठी असल्याने त्यातून पायाखालची जमीन अस्पष्ट दिसते. मान मागे टाकून, हात डोक्यावर नेऊन माळ्यात शोधणे, म्हणजे तोल सांभाळण्याची सर्वांत अवघड स्थिती. नुकतीच पुसलेली फरशी. पायघोळ साडी. उतरताना तीन आधारांऐवजी दोन, कारण दोन्ही हातांत यंत्र. खाली उभा राहणारा माणूस अग्रलेख वाचत होता. माझ्या कोणत्याही पर्यवेक्षकाने हे पत्र फाडून टाकले असते.

आणि तरीही स्टूल आम्ही कधी धोक्यात मोजलेच नव्हते. त्याच स्टुलावर मी स्वतः पंख्याची पाती पुसली आहेत, आकाशकंदील टांगला आहे. कारखान्यात वीस फूट उंची पाहिलेल्या माणसाला दीड फूट म्हणजे जमीनच वाटते. पण साठीनंतर, विशेषतः स्त्रियांची हाडे विरळ झालेली असतात. तेथे उभ्या उंचीवरून पडणेही पुरेसे असते.

मी धावत गेलो तेव्हा ती कुशीवर पडली होती. तिचा उजवा पाय किंचित आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळले होते. मी तिला उचलले नाही. त्या दिवशी मी बरोबर केलेली ही एकच गोष्ट असावी. उशी दिली, चादर पांघरली, १०८ ला फोन केला. "पुरणयंत्राचं बघा, वाकलं का," एवढेच ती म्हणाली. डोक्याला मार नव्हता. रक्त पातळ करणारी औषधे घेणारी व्यक्ती डोक्यावर पडली तर वरून काही न दिसले तरी तिला रुग्णालयात न्यावेच, हे येथे नमूद करतो. आमच्या ओळखीच्या एका घरी 'बरं वाटतंय' म्हणून रात्र काढली गेली आणि ती महागात पडली.

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. खुब्याच्या सांध्यातील मांडीच्या हाडाचा गोल माथा काढून तेथे कृत्रिम माथा बसवला. ती आत होती आणि मी बाहेर बाकावर बसलो होतो. खंडेनवमीचा दिवस. कारखान्यात आम्ही यंत्रांबरोबर शिड्यांचीही पूजा करत असू. प्रत्येक शिडीच्या वरच्या पायरीला झेंडूची माळ. ती माळ बांधतानासुद्धा मी खाली उभा राहून पोरांवर ओरडत असे. ते आठवले आणि त्या बाकावर मला स्वतःची फार लाज वाटली.

तिसऱ्याच दिवशी तिला वॉकर धरून उभे केले. डॉक्टरांनी हाडांची घनता तपासायला सांगितली, औषधे सुरू केली आणि आणखी एक गोष्ट केली जी आपण घरीही करू शकता : आडवे असताना रक्तदाब मोजला, मग उभे केल्यावर एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजला. वरचा आकडा वीसने उतरला होता. उठताना 'जरा गरगरतं' असे ती वर्षभर म्हणत होती आणि आम्ही ते वयाच्या खात्यावर टाकले होते. गोळ्यांचे प्रमाण आणि वेळ डॉक्टरांनी बदलली. प्रोस्टेटसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनीही उभे राहताना रक्तदाब असाच उतरतो, हे मला माझ्या स्वतःच्या चिठ्ठीवरून त्याच दिवशी कळले. अशी शंका आली तर गोळी मनाने बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे.

खरी अडचण घरी आल्यावर सुरू झाली. मुलगा बंगळुरूहून आला होता. त्याने स्टूल भंगारात दिले, माळ्याच्या दारांना कुलूप लावले आणि किल्ली खिशात टाकली. "बाबा, आता दोघांपैकी कोणीही चढायचं नाही, विषय संपला." त्याची काळजी खरी होती. पण पत्नी भिंतीकडे तोंड करून रडली. "मला काचेच्या बरणीसारखं फडताळात ठेवू नका," असे ती रात्री मला म्हणाली. ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्या वाचकांना माझी एक विनंती आहे. बंदी घातलेला माणूस आपण बाहेर गेलात की खुर्ची ओढतो. कारखान्यातही दटावणीने कोणी पट्टा बांधत नसे. साहेब दिसला की कडी अडकवायची, गेला की सोडायची. मी हे जाणत असूनही मुलाच्या बाजूने मान डोलावली होती.

चार दिवसांनी मी जुन्या सवयीने कागद घेऊन बसलो आणि वर पहिला प्रश्न लिहिला : वर जायलाच हवे का? उत्तर तिने दिले, पलंगावरून. माळ्यावर काय काय आहे ते तिने आठवून सांगितले आणि मी लिहीत गेलो. ओळी बासष्ट झाल्या. त्यांतल्या वर्षातून एकदा तरी लागणाऱ्या वस्तू केवळ अकरा निघाल्या! पुरणयंत्र, सोऱ्या, मोठी परात, गौरीचे मुखवटे, असे. त्या अकरा वस्तूंना गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या उंचीत जागा करायची, हे ठरले. त्यासाठी ओट्याखालचे रोजच्या वापरात नसलेले डबे हलवावे लागले आणि त्यावरून आमचा दोन दिवस वाद झाला. बाकीच्या वस्तूंची यादी फडताळाच्या दाराला आतून चिकटवली. मुलाने कठड्याची, रुंद पायऱ्यांची शिडी आणली आणि माळ्याची किल्ली आईच्या हाती दिली. माळा उघडायचा तो घरात तरुण माणूस असेल तेव्हाच, आणि चढणाऱ्याला परवानगी द्यायची तिने. फोन आता तिच्या गळ्यातल्या छोट्या पिशवीत असतो. त्या दिवशी मी घरी नसतो आणि तिचा फोन नेहमीप्रमाणे झोपायच्या खोलीत चार्जिंगला असता, तर ती किती वेळ फरशीवर पडून राहिली असती, हा विचार मी फार वेळ करू शकत नाही.

पुरणयंत्राचा एक पाय वाकला होता. तो मी ठोकून सरळ केला. थोडे डुगडुगते, पण चालते.

यंदा दिवाळीआधी मुलगा आला तेव्हा माळा उघडला. शिडीच्या कड्या बसल्या का हे तिने काठीने ठोकून पाहिले आणि खुर्ची ओढून समोर बसली. मी शिडी धरून उभा. "नाश्ता केलास का रे?" तिने विचारले. "केला, आई." "चप्पल काढ, अनवाणी पाय कोरडे कर, मग चढ." तो वर गेला, कोपऱ्यातल्या आकाशकंदिलाच्या खोक्याकडे त्याने हात लांबवला, आणि तिची काठी फरशीवर आपटली.

"बेंबी आत! खाली ये आणि शिडी सरकव."

तो मुकाट्याने उतरला.