निळी बोटे

भाऊबीजेला मी दरवर्षी निफाडला ताईकडे जातो. आम्हा शहरातल्यांची दिवाळी फराळात संपते. द्राक्षवाल्याच्या घरी ती छाटणीनंतरच्या धावपळीत येते. पाऊस रेंगाळला, सकाळी धुके उतरले, की दाजींच्या तोंडातली चकलीसुद्धा कडू होते. "केवडा येणार," ते म्हणतात. मी पडलो मराठीचा मास्तर. केवडा म्हटले की मला गौरी-गणपती आठवतात. दाजींना आठवतो पानांवरचा बुरशीचा रोग आणि त्यामागोमाग बँकेचे कर्ज.

२०२४ च्या भाऊबीजेला मात्र घरात निराळाच अबोला होता. शेतकी शिकून आलेल्या भाच्याने बागेची माती तपासून घेतली होती, आणि तीत कार्बेन्डाझिम निघाले होते. हे बुरशी मारणारे औषध मातीत महिनोन्महिने टिकते. "वीस वर्षे आपण जमिनीला हेच पाजले," भाचा बोलून गेला. ज्यांनी वीस वर्षे ती बाग जगवली त्यांना हे कसे लागले असेल! पंधरा दिवस बापलेक ताईमार्फत बोलत होते.

भाच्याने उपाय आणला होता दोन डब्यांत भरून. जिवाणू!

"मामा, आपल्याला जे विष, ते यांचे जेवण," त्याने मला समजावले. आधी ते त्या रेणूची शेपटी तोडतात, मग कडी फोडतात, आणि शेवटी बराचसा कर्बवायूच उरतो. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तिथे बॅसिलस सबटिलिस नावाच्या जिवाणूंनी द्राक्षांवरचे कार्बेन्डाझिम लवकर विरते, असे आढळले आहे म्हणे.

दाजी ओसरीवरूनच, कोणाकडेही न पाहता म्हणाले, "जन्मभर मारायला फवारले. आता पाळायचे?"

वातावरण निवळावे म्हणून मी मदतीला उठलो. एक डबा गुळाच्या पाण्यात कालवून शेणखतावर शिंपडायचा होता. अंगणात दोन पिंपे होती. मी जवळचे घेतले. तळाशी निळसर गाळ होता, तो हाताने ढवळला आणि डबा ओतला. रंग मोठा देखणा दिसला, हे कबूल केले पाहिजे.

तो बोर्डोचा गाळ होता. मोरचूद आणि चुना! फ्रान्समध्ये रस्त्याकडेची द्राक्षे चोरांनी खाऊ नयेत म्हणून वेलींना हे मिश्रण फासत; त्या वेली केवड्यातून वाचलेल्या पाहून मिलार्दे या प्राध्यापकाने १८८५ साली त्याचे औषध केले. प्राध्यापकही असे उपयोगी पडतात. मी तसा नव्हे. मोरचुदातले तांबे हे मूलद्रव्य. कोणताही जिवाणू ते खाऊन संपवू शकत नाही, उलट तेच जिवाणूंना मारते.

"मामा, यातले आता फारसे कोणी उरणार नाही," भाचा हताशपणे म्हणाला. मला तोंड कुठे लपवावे कळेना.

तेवढ्यात ओसरीवरून हसू फुटले. "मास्तर, बोर्डात पोरे नापास करता, आज बोर्डोत जंतूही केलेत!" दाजी डोळे पुसत खाली आले, आणि थेट मुलाला म्हणाले, "दुसरा डबा आहे ना? थांब, पिंप मी घासतो."

काथ्या घेऊन ते बराच वेळ घासत बसले. मला कोणी हात लावू दिला नाही. संध्याकाळी ताईने ओवाळले तेव्हा माझी बोटे अजून निळीच होती.