इस्त्रीच्या बुडाला मेण

मैत्रिणींनो, इस्त्री उलटी करून तिचं बूड तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत? मीही पाहत नव्हते. हात जड चालला की विजेला नावं ठेवायची, झालं!

आमच्या सोलापूरला जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत पुरुषमंडळी पांढरी शुभ्र बाराबंदी घालून चालतात. सासरे गेल्यानंतर त्यांची बाराबंदी प्रथमच हे घालणार होते. सासूबाईंनी ट्रंकेतून काढून ती माझ्या हाती दिली. म्हणाल्या, "खळ जरा घट्टच कर गं, त्यांना तशीच लागायची."

अक्षता सोहळ्याच्या सकाळी मी घाईघाईने इस्त्री फिरवायला घेतली. पाठीवर ती अडखळली. उचलते तो काय, करंजीएवढा तपकिरी डाग! माझ्या तर पोटात गोळाच आला.

सासूबाईंनी डाग पाहिला नि काही न बोलता इस्त्रीच उलटी केली. बुडावर जळक्या खळीचा थर. सुती कपड्याची खळ गरम पत्र्याला चिकटते, करपते, तिच्यावर पुढची खळ बसते. मग इस्त्री सरकत नाही, आपण जास्त दाबतो, आणि कपडा भाजतो.

त्यांनी वर्तमानपत्रावर जाडं मीठ पसरलं आणि गरम इस्त्री त्यावरून फिरवली. थर निघाला. मग मेणबत्तीचा तुकडा जुन्या मलमलीत गुंडाळून बुडावरून झरझर ओढला, लगेच फडक्यावर पुसला. त्यांच्या कोळशाच्या इस्त्रीच्या काळी त्या केळीचं पान वापरीत. पानावरही मेणच असतं की!

तुम्ही करणार असाल तर एक सांगते. हे साध्या, गुळगुळीत पत्र्याच्या इस्त्रीलाच. वाफेच्या इस्त्रीच्या भोकांत मेण बसतं, आणि न चिकटणाऱ्या लेपावर मिठाचे ओरखडे उठतात. तिथे प्लग काढून, इस्त्री गार झाल्यावर ओल्या फडक्याने खाण्याच्या सोड्याचा लेप हलका चोळावा. चाकू तर कुठल्याच बुडाला लावू नये. आणि मेण लावल्यावर आधी चिंधीवर फिरवून बघा. तेलकट ठिपका उमटायचा थांबला की मगच चांगला कपडा.

डागाचं म्हणाल, तर वरवर भाजलेला पांढऱ्या सुतावरचा डाग औषधाच्या दुकानातल्या हायड्रोजन पेरॉक्साइडने आणि उन्हाने फिकटतो. आमचा मात्र खोल गेला होता. सूतच जळलं, तिथे औषध काय करणार? हे तशीच घालून गेले. दाराशी उभ्या राहून सासूबाई पाठमोऱ्या मुलाकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता बोलतील. "चाल अगदी त्यांचीच आहे," एवढंच म्हणाल्या.

गेल्या हिवाळ्यात भाचा गुलमर्गला स्कीइंग शिकायला निघाला. स्की म्हणजे बर्फावर घसरायच्या लांब फळ्या. म्हणाला, "मावशी, भोकं नसलेली जुनी इस्त्री दे." बर्फावर इस्त्री? तर म्हणे फळीचा तळ आधी स्वच्छ करायचा, इस्त्रीने त्यावर मेण वितळवून पसरायचं, गार झालं की प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून ब्रश मारायचा. मग फळी सुसाट पळते. मेण नसेल तर तळ कोरडा पडतो आणि बर्फावर रखडतो. सासूबाईंनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "आधी मीठ लावत नाहीत का?"

इस्त्री दिली त्याला. मात्र परत आणू नकोस म्हटलं. तिचं मेण आता काही माझ्या कपड्यांच्या कामाचं नाही.