काचेच्या टाकीतले खाजण

आमचे गाव खाडीच्या काठी आहे. एका अंगाला खाजण व तिवरांचे बन, दुसऱ्या अंगाला भातशेती आणि मधे मातीचा बांध. अलिबाग, पेण, उरणकडच्या खारेपाटात बरीच गावे अशीच आहेत. घराजवळच्या तळ्यात जिताडे पाळण्याची रीतही आपल्याकडे जुनी आहे. पण तळ्यात नुसते पाणी. मला पाणी, चिखल आणि जमीन अशी तिन्ही एकत्र पाहावयाची होती. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी एक टाकी तयार केली. ती कशी केली व तिच्यात काय काय पाहिले, ते येथे लिहीत आहे.

मामाकडे मासे ठेवण्याची जुनी काचेची टाकी पडून होती. लांबी दोन फूट, रुंदी व उंची एकेक फूट. ती मागच्या पडवीत दगडी ओट्यावर ठेवली. लाकडी स्टुलावर ठेवू नये. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, आणि ओला चिखल त्याहून जड! सकाळचे ऊन येईल पण दुपारचे येणार नाही अशी जागा पाहिली, कारण थोडे पाणी उन्हाने लवकर तापते.

टाकीच्या मधोमध चिकट मातीचा आठ बोटे उंच बांध घातला. एकेक थर हाताने दाबून बसवला व दोन दिवस सुकू दिला. डावीकडे खाजणातला चिखल उतरता पसरला आणि खाडीचे पाणी ओतले. उजवीकडे वाफ्यातली माती भरून त्यात मोड आलेले भात पेरले. झाले आमचे गाव तयार! तिवराचे रोप मात्र उपटले नाही. कांदळवने तोडण्यास न्यायालयाची बंदी आहे. भरतीने काठाला आणून टाकलेला कचरा तेवढा चिखलावर पसरला.

आजी निवट्या धरायला खाजणात जाते. तिने दोन लहान निवट्या व चार छोटे खेकडे आणून दिले. हे खेकडे म्हणजे नराची एक नांगी भलती मोठी असते ते. आजी म्हणाली, "नुसता पानी नको बाला, चिखल पन पायजे. निवटीला दोनी लागतान." आजी शाळेत गेलेली नाही, पण हे बरोबर आहे. निवटी मासा असूनही ओल्या कातडीतून व तोंडाच्या आतल्या अस्तरातून हवेतला प्राणवायू घेते. कल्ल्यांच्या पोकळीत थोडे पाणी साठवून ती बाहेर येते व पुढच्या परांवर सरकत चालते. अंग सुकू लागले की पाण्यात लोळून येते. डोळे डोक्यावर असल्यामुळे पाण्यात राहूनही तिला वरचे दिसते.

टाकीवर जुने जाळे घट्ट बांधले, कारण निवटी उडी मारते आणि खेकडा कोपऱ्यातून चढतो. खाऊ म्हणून निवट्यांना चिमूटभर जवळ्याचा चुरा दिला. उरलेला लगेच काढला, नाहीतर पाण्याला घाण वास येतो. खेकडे चिखल तोंडात घालून त्यातले खाद्य निवडतात व बाकीच्या बारीक गोळ्या करून टाकतात. पाणी आटले की काचेवर केलेल्या खुणेपर्यंत विहिरीचे गोडे पाणी घातले. खारे घालायचे नाही. कारण पाण्याची वाफ होते, मीठ मागेच राहते.

आता गंमत ऐका. पहिले चार दिवस टाकीत भरती-ओहोटी नव्हती. तरी खेकडे ठरल्या वेळीच बिळाबाहेर येत. आजीने तिथीची पाऊणपट करायला सांगितले. त्या दिवशी पंचमी होती. पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. पावणेचारच्या सुमारास भरती, तर त्याआधी सहा तास, म्हणजे सकाळी पावणेदहाला ओहोटी. खेकडे त्याच सुमारास बाहेर! दुसऱ्या दिवशी ते जवळजवळ पाऊण तास उशिरा आले. खाडी घरापासून लांब, पण घड्याळ त्यांच्या अंगातच होते. मग मी दोन बादल्या व रबरी नळी घेऊन टाकीतही भरती-ओहोटी सुरू केली.

तिसऱ्या आठवड्यात भाताच्या बाजूला ओल दिसली. बांधाच्या पायथ्याशी करंगळीएवढे भोक होते. एका खेकड्याने डावीकडून बीळ खोदले आणि ते आरपार गेले. माझी भरती चढली की खारे पाणी भाताकडे येई. चार-पाच दिवसांत भोकाजवळच्या रोपांचे शेंडे पिवळे पडले, नंतर ती वाळून गेली. लांबची रोपे तेवढी तगली.

बाबा शेतावरून आले व बराच वेळ टाकीपुढे बसून राहिले. मग म्हणाले, "हीच खांड. पहिली एवढीशीच असते." भोक मोठे होते, पाणी माती ओढून नेते आणि एका उधाणात बांध फुटतो. खारे पाणी एकदा शेतात साचले की पुढचे दोन-तीन पावसाळे भात धड येत नाही, असे ते म्हणाले. खारेपाटात राता हे जुने भात आणि पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या पनवेल १, २, ३ या जाती थोडा खार सोसतात. पण कोवळ्या रोपाला तोही जड जातो. आमचे वर्षाचे तांदूळ त्याच शेतातून येतात. दरवर्षी मे महिन्यात बाबा कुदळ घेऊन बांधावर का जातात, हे मला त्या भोकाने शिकवले.

खेकड्याचा मला राग आला नाही. बीळ खोदणे हे त्याचे घर बांधणेच आहे. बांध आपण घातला, तो सांभाळणे आपले काम.

पाऊस सुरू होण्याआधी निवट्या व खेकडे ओहोटीच्या वेळी खाजणात सोडून दिले. निवट्या मागे न पाहता गेल्या. ज्यांना अशी टाकी करावयाची असेल त्यांनी प्राणी थोडे आणावेत आणि जेथून आणले तेथेच सोडावेत. आपल्याकडची कासवे मात्र आणू नयेत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला. ती घरी ठेवणे गुन्हा आहे.

ज्येष्ठ पौर्णिमेच्या उधाणाला बाबांबरोबर बॅटरी घेऊन मीही बांधावर गेलो. पाणी बांधाच्या काठाला चार बोटे कमी होते. उघाडीजवळ दोन भोके सापडली. बाबांनी चिखलाचे गोळे कोंबले आणि मी वर उभा राहून पायाने दाबले.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी