पाटी दुरुस्त कोण करणार?

ताडोबाच्या मोहर्ली दरवाज्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक महागडं हॉटेल उभं राहत होतं. इमारत नवी कोरी, पण मालकांना तिच्यात गोंडराजांच्या वारशाचा थाट हवा होता. पाट्या आणि अक्षरांचं काम माझ्याकडे आलं. नागपुरात चित्रकला शिकलो, पुढे दुकानांचे बोर्ड आणि पुस्तकांची मुखपृष्ठं बरीच केली. फाटकापासून स्वयंपाकघराच्या मागच्या दारापर्यंत सगळी अक्षरं एकाच हाताने घडवायची, असं काम मात्र पहिल्यांदाच मिळत होतं.

पहिल्या बैठकीत टेबलावर आले ते राजस्थानी हवेल्यांचे नमुने. सोनेरी वेलबुट्टी, मुद्दाम भेगा पाडलेली अक्षरं. म्हटलं, आधी गोंडराजांचा चंद्रपूरचा परकोट तर बघू. तो शहराभोवती अजून बराचसा उभा आहे. इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी २०१७ पासून श्रमदान करून झाडाझुडपांत बुडालेले बुरूज मोकळे केले, म्हणून त्यावरून चालता येतं. उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा आणि पश्चिमेला बिनबा असे चार दरवाजे. दरवाज्यांवर हत्तीवर मात करणारा सिंह कोरलेला आहे. मालक तोवर बोधचिन्हासाठी वाघच धरून बसले होते. या रस्त्यावर ज्याच्या त्याच्या फाटकावर वाघ आहे, हे त्यांनाही माहीत होतं. जटपुऱ्याखाली उभं राहून त्यांनी सिंहाचा फोटो काढला आणि वाघाचा विषय तिथेच संपला.

हॉटेलच्या चार दिशांच्या चार बंगल्यांना चार दरवाज्यांची नावं ठरली. परकोटाला पाच खिडक्याही आहेत, म्हणजे छोटी दारं: हनुमान, विठोबा, बगड, चोर आणि मसाण. मॅनेजर हौसेने यादी उतरवून घेत होता. चोर खिडकीपाशी त्याचं पेन अडखळलं आणि मसाण खिडकी ऐकताच त्याने वहीच मिटली. ‘‘सर, आपल्याकडे हनिमूनचे कपल येतात.’’ हनुमान आणि विठोबाही वगळले, कारण खोल्यांत मिनीबार होता.

अक्षरांचं वळण मी दरवाज्यांच्या दगडी बांधणीवरून घेतलं. शिरोरेषा जाड, काने तितकेच भरीव, टोकं सरळ कापलेली. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे. ‘जटपुरा’तला ‘ट’ उलट्या कमानीसारखा करावा, अशी एक सूचना आली होती. ती मी टाळली. शब्दातलं एक अक्षर नाटक करू लागलं की बाकीच्यांना नुसतं बघत बसावं लागतं.

फाटकावरच्या पाटीसाठी कायदा स्पष्ट होता. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुकानं-आस्थापनांच्या नामफलकावर मराठी आधी हवी आणि तिचं अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको. वास्तुविशारदाने मराठी आणि इंग्रजी ओळींना पट्टीने मोजून सारखी उंची दिली. पण देवनागरीत त्या उंचीतला वाटा वर वेलांटी, मात्रा, रफार घेतात आणि खाली उकार घेतो. मधे अक्षराच्या अंगाला जागा थोडीच उरते. कागदावर सारख्या असलेल्या या ओळींपैकी मराठी ओळ रस्त्यावरून बारीक दिसते. मी दोन्ही ओळी खऱ्या मापात कागदावर काढून फाटकाला चिकटवल्या आणि सगळ्यांना रस्त्यापलीकडे नेऊन उभं केलं. मग मराठी ओळीला उंची वाढवून मिळाली.

खरी ओढाताण झाली ती माल कुठला वापरायचा यावर. मुंबईच्या एका पुरवठादाराचे ॲक्रिलिक आणि चिकटपट्टीचे नमुने सुरेख होते, पण चंद्रपूरचा मे महिना ४७-४८ अंशांपर्यंत जातो. तिथे डिंक धीर सोडतो, पुढे पावसाळा आणि वानरं आहेतच. मी मालकांना एकच प्रश्न विचारत राहिलो: पाटी बिघडली तर दुरुस्त कोण करणार? या भागातलं सागवान अयोध्येच्या राममंदिरासाठी आणि नव्या संसद भवनासाठी गेलं. आपण दारातल्या पाटीसाठी प्लास्टिक मागवायचं? शेवटी बल्लारशाहच्या डेपोतलं सागवान आलं आणि जवळच्या गावचे एक सुतारकाका कामाला लागले.

‘बिनबा’ कोरताना त्यांनी पटाशी खाली ठेवली. ‘‘भाऊ, हा ‘ब’ राहत नाही जी. पोटातली रेघ अन् गोलाई, त्याच्या मधात लाकूड उरते किती? पहिल्याच पावसात उडून जाईन.’’

बरोबर होतं. फळीचे रेषे आडवे. खोल कोरलेल्या ‘ब’च्या पोटात लाकडाचे दोन चिमुकले तुकडे उरत होते. त्यांतले रेषे इतके आखूड की पटाशीचा धक्का लागला तरी टवका निघावा. मी ‘ब’चं पोट मोठं केलं, आतली तिरकी रेघ बारीक केली आणि कडेला टेकण्याआधीच थांबवली. आता दोन्ही तुकडे एका बाजूने जोडलेले राहिले. काकांनी चरही उतरत्या बाजूंचा ठेवला, म्हणजे तळाशी पाणी साचायला सपाट जागा नको. तो थांबलेल्या रेघेचा ‘ब’ पुढे मेन्यूकार्डावर आणि बिलावरही गेला. पाहुण्यांना ती नक्षी वाटते.

कोठार, धुलाई, विजेचं पॅनेल यांच्यासाठी हॉटेलवाले छापील कागद लॅमिनेट करून लावणार होते. ही दारं रात्री घाईत शोधणारी माणसं आसपासच्या गावांतली. त्यांच्यासाठी तीच अक्षरं मी पत्र्याच्या साच्यांत कापून घेतली आणि त्यांतून इनॅमलने रंगवली. ‘रात्री एकट्याने बाहेर जाऊ नये’ ही पाटी सर्वांत मोठी ठेवली, कारण व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधल्या वस्तीत तो सल्ला शोभेसाठी नसतो.

काम संपल्यावर मालकांनी विचारलं, ‘‘देखभालीला दरवर्षी येणार ना?’’ मी नाही म्हणालो. फळी फुगायला वाव मिळावा म्हणून स्क्रूची भोकं लांबट ठेवली होती. मृगाआधी जवसाचं तेल द्यायचं, अक्षरांत रंग भरायचा, एवढंच काम होतं. कापलेले पत्रे आणि ट्रेसिंगची गुंडाळी मी काकांकडे दिली आणि देखभालीचं बिल त्यांच्याच नावे निघेल असं लिहून घेतलं.

नंतर पाचवा बंगला बांधला गेला. यादीत ‘बगड’ एवढंच नाव शिल्लक होतं. मॅनेजरने फोन केला तो काकांना. माझ्या संचात ‘ग’ आणि ‘ड’ नव्हते. ते त्यांनी स्वतः काढले, कोरले आणि पाटी टांगल्यावर मला फोटो पाठवला. ‘ड’ची खालची गाठ मी काढली असती त्याहून थोडी मोकळी होती, लाकूड टिकावं म्हणून. मी तो ‘ड’ उतरवून माझ्या मूळ संचात घेतला.