माहेराचा दोष?

मुलुंडच्या एका परिचित घरांत लहानग्याचा विकार तंतुकणिकांचा, म्हणजे मायटोकाँड्रियाचा, असावा असें डॉक्टरांनीं सांगतांच ‘हा आईकडूनच येतो’ म्हणून सुनेच्या माहेरावर ठपका आला. अर्धी माहिती सासरीं नेहमींच सोयीची! पेशीस शक्ति पुरविणाऱ्या या कणांचीं स्वतःचीं ३७ जनुकें आईकडून येतात, हें खरें. परंतु त्यांस लागणारीं बहुतेक प्रथिनें पेशीकेंद्रकांतील जनुकांवर अवलंबून असतात, आणि बालवयांतील पुष्कळसे विकार तेथूनच उद्भवतात. त्यांत बहुधा आईबाप दोघांकडून एकेक सदोष जनुक आलेलें असतें. दोघेही स्वतः मात्र धडधाकट. हें आम्ही वडीलधाऱ्यांस सांगितलें. त्यांनीं ऐकून घेतलें. सून मुलासह अंधेरीस माहेरीं आहे. तपासणीसाठीं तिनें रक्त दिलें. मुलाच्या बापानें अद्याप दिलेलें नाहीं.