बाळाला हात लावणारी माणसं

डांग्या खोकल्याचा आवाज ज्यांनी ऐकलाय ते तो विसरत नाहीत. साठच्या दशकात आम्ही भांडुपला चाळीत राहायचो. एका पोराला लागला की बघता बघता मजलाभर पोरं खोकू लागत. उबळीवर उबळ, चेहरा लालबुंद, आणि मग श्वास आत ओढताना कोंबडा आरवावा तसा लांब आवाज. शेजारच्या तान्ह्या मुलीला मात्र तो आवाज कधी आलाच नाही. ती नुसती निळी पडायची. ती वाचली नाही. अगदी लहान बाळांत जोराने खोकायचीही ताकद नसते, त्यांचा श्वासच मध्ये थांबतो, हे मला कळलं ते साठी उलटल्यावर, लेकीच्या डॉक्टरांकडून.

लेक बोरिवलीला असते. पहिलं बाळंतपण, म्हणून मुलुंडला आमच्याकडे येणार होती. सातवा सरला तेव्हा तिच्या डॉक्टरांनी तिला टीडॅपची, म्हणजे धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्यावरची, लस दिली आणि विचारलं, बाळाजवळ घरात कोण कोण असणार? मी, आमचे हे, आणि मदतीला येणाऱ्या माझ्या नणंदबाई. मग त्यांनाही लस द्या, डॉक्टर म्हणाल्या, आणि बाळ यायच्या निदान दोन आठवडे आधी द्या.

घरात वाद झाला. वन्सं म्हणाल्या, "आम्ही तीन पोरं वाढवली, आम्हाला कुणी टोचलं होतं?" ह्यांचं म्हणणं, "मला लहानपणी होऊन गेलाय, पुन्हा कसा होईल?" दोन्ही प्रश्न रास्त होते. लेकीने ते डॉक्टरांना विचारले. हा आजार एकदा होऊन गेला तरी जन्मभराचं कवच मिळत नाही, काही वर्षांत ते विरतं. आणि मोठ्यांना पुन्हा झाला तर तो ओळखूच येत नाही. साधी सर्दी वाटते, मग कित्येक आठवडे न हटणारा कोरडा खोकला. सर्दी वाटणाऱ्या त्या पहिल्या दिवसांतच तो सगळ्यात जास्त पसरतो. वेगवेगळ्या देशांत शोध घेतला तेव्हा तान्ह्या बाळांना हा खोकला बहुतेकदा घरातल्याच माणसाकडून आलेला दिसला.

बाळाची स्वतःची पहिली लस सहाव्या आठवड्यात, मग दहाव्या आणि चौदाव्या. म्हणजे ज्या दिवसांत आपण बाळाला सर्वांत जास्त छातीशी धरतो, पाचवी-बारशाला घर माणसांनी भरतं, नेमके तेच दिवस उघडे.

आमचे हे आणि वन्सं शेवटी तयार झाले. बाळाच्या होणाऱ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, भिंतीवरच्या हत्ती-जिराफांखाली आम्ही तिघं बाह्या वर करून बसलो. डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी त्रिगुणी लस झाली होती का? आम्हा कुणाकडेच कागद नव्हता. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताची ती लस राष्ट्रीय कार्यक्रमात आली १९७८ साली. तोवर आमची लग्नं व्हायला आली होती. ज्यांचं लहानपणी काहीच झालेलं नाही त्यांना टीडॅपनंतर धनुर्वात-घटसर्पाचे आणखी दोन डोस लागतात. तेही आम्ही मान्य केलं. दंड दुखला, ह्यांना रात्री थोडी कणकण आली, बस.

पण डॉक्टरांनी एक गोष्ट लपवली नाही आणि मलाही ती लपवायची नाही. मोठ्यांच्या या लसीने बाळाचा धोका कमी होतो, संपत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली बबून माकडांवर केलेल्या प्रयोगात, या प्रकारची लस दिलेली माकडं आजारी पडली नाहीत, पण जंतू त्यांच्या घशात राहिले आणि दुसऱ्या माकडांपर्यंत पोचले. खरा आधार आईच्या लसीचा. सातव्या ते नवव्या महिन्यात घेतली की तिच्या रक्तातलं संरक्षण वारेतून बाळाकडे जातं. ब्रिटनने २०१२च्या साथीत गरोदर बायकांना डांग्या खोकल्याची लस द्यायला सुरुवात केली, तेव्हा लस घेतलेल्या आयांच्या सुरुवातीच्या महिन्यांतल्या बाळांचा धोका जवळजवळ नव्वद टक्क्यांनी घटला.

मग आजी-आजोबांनी घ्यावी का? माझं उत्तर ठाम हो. आधी आईने, मग आम्ही. आणि घेतल्यावरही घसा खवखवला तर बाळाच्या खोलीत पाऊल नको. वन्सं बोरिवलीहून दादरला गाडी बदलून यायच्या. दादरच्या पुलावरच्या गर्दीतून आलेलं माणूस हात धुऊन, कपडे बदलूनच बाळाजवळ जाई. त्यांना सर्दी झाली तेव्हा त्या स्वतःच आल्या नाहीत. ह्या सगळ्यात मला सर्वांत मोठं वाटलं ते हे.

एक माणूस मात्र आमच्या यादीत नव्हतं. बाळ-बाळंतिणीला मालिश करायला येणाऱ्या मावशी. दिवसाला चार-पाच घरं, प्रत्येक घरात तान्हं बाळ, आणि प्रत्येक बाळ त्यांच्या पायांवर. बाळाच्या तोंडाजवळ त्यांच्याइतका वेळ आम्हीही नसू. मी डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, आधी त्यांनाच द्या.

एका सुईला हजारावर रुपये पडतात. मावशींनी ते का भरावेत? त्यांच्या चार घरांनी मिळून भरावेत, असं मला वाटलं. दोन घरांनी लगेच होकार दिला, बाकीचं आम्ही घातलं. मावशींचा प्रश्न एकच होता, "वैनी, हात लई दुखंल का? उद्याची घरं चुकायला नको." शनिवारी संध्याकाळी टोचून घेतलं, रविवारी सुट्टी दिली, आणि त्या दिवसाचे पैसे कापले नाहीत.

दंड चोळत बाहेर येताना त्यांनी विचारलं, "माझ्या सुनेला पाचवा लागलाय. तिला दवाखान्यात सुई दिली. ती हीच का?"

ती ही नव्हती. सरकारी कार्यक्रमात गरोदर बाईला मिळते ती धनुर्वात आणि घटसर्पाची लस. डांग्या खोकला तिच्यात नाही. तोच दंड, तीच नर्स, तीच तपासणीची फेरी. त्यातल्या एका डोसाच्या जागी टीडॅप द्यायची ठरवली तर सुनेला वेगळी खेप पडणार नाही. खर्च वाढेल, तो सरकारने उचलावा. आमच्या मुलुंडच्या घरात तीन म्हाताऱ्यांना मिळालेली लस मावशींच्या नातवंडाच्या आईला मिळत नाही, आणि तिच्या बाळाला तिची गरज आमच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. आठवा लागताच सुनेला आम्ही लस घेतली त्याच दवाखान्यात घेऊन जायचं, असं मी आणि मावशींनी ठरवलं आहे.